ओरिजिनल लावा

फाटलेला स्पीकर निदान फाटल्यासारखा वाजतो, माणसं तेवढाही प्रामाणिकपणा दाखवत नाहीत, असं शरणप्पा हत्तुरेचं ठाम मत होतं. भवानी पेठेत त्याचं स्पीकर-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान. जळालेली कॉइल पुन्हा गुंडाळायची, फाटलेला कागदी कोन बदलायचा, सुटलेल्या वायरीला सोल्डर मारायचं, हे काम तो चाळीस वर्षं करत होता. हाताला तोड नव्हती, पण जिभेमुळे गिऱ्हाईक सामान काउंटरवर ठेवून लगेच काढता पाय घेई. डीजेवाला आला की तो विचारी, "गाणं ऐकवायचंय का भिंती पाडायच्यात?" लग्नात गाणाऱ्या एकानं माईक खरखरतो म्हणून आणला, तर शरणप्पानं तो दोनदा ठोकून परत दिला. "माईक बेस हाय. बिघाड त्येच्या म्होरं हुबा ऱ्हातोय."

बायको महेश्वरी त्याला ओळखून होती. घरात टीव्हीवर कुणी गायला लागलं की ती आवाजच बंद करून टाकी. नवऱ्याच्या शेऱ्यांपेक्षा मुकी गाणी परवडली.

या माणसानं आयुष्यात एकदाच कुणाला तरी मान दिला होता. अठ्ठ्याऐंशी साली मुंबईचा 'फर्नेस' नावाचा रॉक बँड सोलापुरात एका कॉलेजच्या मैदानावर आला होता. पाच लांब केसांची पोरं, स्वतःची गाणी, तिकीट दहा रुपये. तिसऱ्याच गाण्याला त्यांचा अँप्लिफायर बसला. पंचविशीतला शरणप्पा सोल्डरिंग गन घेऊन स्टेजवर चढला आणि तो खोलून बसला, तेवढा वेळ डेन्झिल नावाचा त्यांचा गायक माईकशिवाय गात राहिला. हजारभर माणसं, उघडं मैदान, आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज. काम करता करता शरणप्पाचे हात दोनदा थांबले होते. पुढं सदतीस वर्षं तो प्रत्येक गाणाऱ्याला त्या आवाजाशेजारी उभा करी आणि हाकलून देई.

त्यामुळे पुण्यात नोकरीला असलेल्या त्याच्या मुलीनं, पूनमनं, वाढदिवसाची भेट म्हणून फोनवर तिकिटं दाखवली तेव्हा त्यानं चष्मा पुसून ती दोनदा वाचली. 'फर्नेस, निरोपाचा दौरा.' होटगी रोडच्या एका लॉनवर. आयोजक संगमेश, एका बिल्डरचा मुलगा, हल्ली कार्यक्रम भरवायच्या धंद्यात पडलेला. मागं उभं राहायचे दीड हजार, खुर्चीचे चार हजार, आणि पुढच्या सोफ्याचे बारा हजार, त्यात गायकाबरोबर फोटो.

"चार हजार?" शरणप्पा म्हणाला. "एकाचे?"

"एकाचेच की अप्पा. दोन काढलीत. तुम्ही आणि मी."

"अगं, दहा रुपयाला ऐकलंय मी ह्येला. तवा दहा रुपयात दोन माणसं पोटभर जेवायची. आता दोन माणसांचं जेवाण तीनशेत हुतंय. मग तिकीट तीनशे. वाटल्यास पाचशे घे म्हणावं, म्हातारा झालाय म्हणून. चार हजार कशाचे?"

"तेव्हा त्यांच्या कॅसेट खपायच्या. आता गाणी फुकट ऐकतात सगळे. त्यांना पैसे मिळतात ते कार्यक्रमातूनच. परत एवढं सामान, एवढी माणसं घेऊन गावोगाव फिरायचं. शेवटचा दौरा आहे त्यांचा."

"शेवटचा म्हणून भाव वाढतो व्हय? बाजारात शेवटची मेथी स्वस्त देत्यात."

पूनम हसली, पण तिनं तिकिटं रद्द केली नाहीत. आणि एवढं बोलूनसुद्धा शरणप्पानं कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच दाढी केली, पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला, हे महेश्वरीच्या नजरेतून सुटलं नाही.

लॉनवर पोचल्यापासून त्याची जीभ सुरू झाली. सोफ्यांवर शहरातले डॉक्टर, सराफ, कारखानदार बसलेले. साठीला आलेल्या पुरुषांनी पोटावर ताणलेले काळे टी-शर्ट घातलेले, त्यावर भट्टीचं चित्र. तो शर्ट बाहेर अठराशेला विकत होते. "ह्येतल्या एकाला तरी तवा 'फर्नेस' म्हायती हुता का बघ," शरणप्पा पूनमच्या कानात म्हणाला. "गॅदरिंगला घरनं सोडत न्हवते ह्यांना. आता बारा हजार देऊन सांगत्यात, आमी लई वांड हुतो."

मग दिवे गेले, धूर आला आणि डेन्झिल आला. अडुसष्ट वर्षांचा, केस काळेभोर रंगवलेले, डोळ्यांवर गॉगल. जुन्या पाचांतला तो एकटाच उरला होता, बाकीचे वाजवणारे भाड्यानं आणलेले होते. पहिलं गाणं सुरू झालं, आणि शरणप्पाच्या अंगावर सरसरून काटा आला. तोच आवाज. वरच्या पट्टीत तसाच सरळ चढणारा, कुठं चिरा नाही. त्यानं पूनमचा हात धरला.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्यानं तो सोडला.

स्पीकर दुरुस्त करणाऱ्याचे डोळे गायकाच्या तोंडाकडे फार वेळ राहत नाहीत, ते वायरीवरून फिरतात. ड्रमवर काठी पडण्याच्या केसभर आधी ठोका ऐकू येत होता. डेन्झिलनं घाम पुसायला माईक छातीपर्यंत खाली आणला, तरी आवाज होता तसाच. आणि त्या आवाजाच्या मागं शरणप्पाला जुन्या टेपची बारीक सूंऽ ऐकू आली. 'फर्नेस'ची कॅसेट निघाली होती, त्या एकोणीसशे नव्वदची. तो आवाज लॅपटॉपमधून येत होता, आणि समोर एक म्हातारा नुसते ओठ हलवत होता.

"अप्पा, काय झालं?"

"कायबी न्हाय. चार हजारात कॅसेट ऐकतोय."

आजूबाजूला माणसं हात वर करून नाचत होती. एका दातांच्या डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शरणप्पा त्याच्याकडे असा बघत होता, की जणू त्यानं भर चौकात धोतर सोडलंय.

पाचव्या गाण्याला लाइट गेली. दहा-बारा सेकंदांत जनरेटरनं पकडलं, दिवे आले, स्पीकर जागे झाले, पण लॅपटॉपमधला आवाज मिक्सरकडे पोचवणारी डबी अडकून बसली. त्यामुळे स्टेजवर जे खरंच चाललं होतं तेवढंच उरलं, म्हणजे ड्रमची कोरडी ठपठप आणि आवाज नसलेल्या तोंडाची उघडझाप. डेन्झिलच्या लक्षात यायला चार-पाच सेकंद लागले. मुंबईहून आलेला बँडचा तंत्रज्ञ लॅपटॉपवर वाकून घामाघूम झाला. मागच्या दीड हजारवाल्यांनी शिट्ट्या सुरू केल्या.

संगमेशनं खुर्च्यांत शरणप्पाला ओळखलं. लॉनचे मोठे स्पीकर गेल्याच आठवड्यात त्याच्या दुकानातून कोन बदलून गेले होते. "काका, या की जरा! तुमीच बघा!"

शरणप्पा स्टेजच्या बाजूनं वर चढला. डबीकडे त्यानं बघितलंही नाही. की-बोर्डजवळ पस्तिशीची एक बाई उभी होती, काळा झगा, कपाळाला चमकी. तिच्या की-बोर्डमधून निघालेली केबल त्यानं उचलली आणि तिच्या मागं मागं गेला. केबल स्टेजच्या कडेला जाऊन संपली होती. टोकाला चिकटपट्टी गुंडाळून नीट वेटोळं करून ठेवलेलं. कशालाच जोडलेली नव्हती.

"हे कुटं जोडलंय?" त्यानं विचारलं.

"कुठंच नाही," ती हळूच म्हणाली, आणि त्याच्या मराठीतला कन्नड हेल ओळखून पुढं कन्नडमध्ये, "बिडरी काका." म्हणजे सोडून द्या.

"अक्कलकोटची हाइस काय?"

"व्हय. शिवानी. पुण्यात शाळेत संगीत शिकवते."

"आणि हितं?"

तिनं नुसती बोटं पट्ट्यांवर ठेवून दाखवली. शरणप्पानं केबलची चिकटपट्टी नखानं सोलली. "वाजवाय येतंय का नुसतं हुबं ऱ्हायाला येतंय?"

तिचा चेहरा लाल झाला. मग तिनं मान हलवली. "काका, नको. माझे पुढं चार कार्यक्रम हायत ह्यांच्याकडं. लावू नका."

पण शरणप्पाला सदतीस वर्षांनी स्टेज मिळालं होतं आणि तो तिचं ऐकायला चढला नव्हता. त्यानं केबल स्टेजवरच्या जोडणीच्या पेटीत खुपसली, तंत्रज्ञाला बाजूला सारून मिक्सरवरची तिच्या आणि माईकच्या आवाजाची दांडी वर ढकलली. "आता वाजीव."

समोर बाराशे माणसं बघत होती. शिवानीनं ओठ आवळले आणि त्या अर्धवट राहिलेल्या गाण्याची सुरावट सुरू केली. वाजवत होती ती खरंच सुंदर. डेन्झिलनं वळून तिच्याकडे बघितलं, मग शरणप्पाकडे, मग हातातल्या माईककडे. आणि गायला लागला.

आवाज पार खाली बसलेला होता. वरच्या जागा तो टाळत होता, दम मध्येच तुटत होता. पण तिसऱ्या ओळीला त्यानं गॉगल काढला, डोळे मिटले, आणि ती ओळ अशी म्हटली की शरणप्पाचा हात दांडीवरच राहिला. त्या ओळीत म्हातारपण होतं, आणि ते लपवलेलं नव्हतं.

"ए, काय लावलंय!" सोफ्यावरून कुणीतरी ओरडलं.

"आवाज न्हाई येत!"

आणि मग तो दातांचा डॉक्टर उभा राहून, दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, "ओरिजिनल लावा! ओरिजिनल!"

ते लोकांना आवडलं. मागून पुढून सगळीकडून सुरू झालं. ओरिजिनल लावा, ओरिजिनल लावा. स्टेजवर ज्यानं ते गाणं रचलं तो माणूस स्वतःच्या गळ्यानं गात होता, आणि सोलापूरची प्रतिष्ठित मंडळी बारा-बारा हजार मोजून त्याला सांगत होती की तू गप बस आणि कॅसेट लाव. डेन्झिलनं ती ओळ पुरी केली नाही. तंत्रज्ञाची डबी तेवढ्यात सुरू झाली, त्यानं शिवानीचा आवाज शून्यावर आणला, आणि नव्वद सालचा ठणठणीत गळा लॉनवर पुन्हा घुमला. लोकांनी असा जल्लोष केला, की जणू म्हाताऱ्याचा प्राण परत आला.

कार्यक्रम संपल्यावर पूनम नको नको म्हणत असताना शरणप्पा स्टेजमागं गेला. सोफावाल्यांची फोटोची रांग संपत आली होती. डेन्झिल प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गरम पाणी पीत होता.

"अठ्ठ्याऐंशीला मी तुमचा अँप्ली दुरुस्त केला हुता," शरणप्पा म्हणाला. "तवा तुमी गात हुता."

डेन्झिलला काही आठवलं नाही, आणि आठवल्याचं नाटकही त्यानं केलं नाही. "वांद्र्याचा आहे मी, मराठी कळते मला," तो म्हणाला. "सरळ बोला, शिव्या द्यायच्या आहेत ना?"

"कॅसेट लावून चार हजार घेता, लाज वाटत न्हाय?"

"पहिले सहा शो मी स्वतः गायलो. इंदूर, नागपूर, सगळीकडे. लोकांनी पैसे परत मागितले. म्हणाले, हा तो आवाज नाही." त्यानं पाण्याचा घोट घेतला. "दहा रुपयांत माणूस बेसूर झाला तर लोक हसतात आणि ऐकतात. बारा हजार दिले की हसत नाहीत. मला म्हातारं व्हायची परवानगी त्या तिकिटात नाही."

"मग तिकीट दहा रुपये ठेवा आणि गा."

"दहा रुपयांना कोण येईल? तुम्ही?"

"मी यीन की."

"तुम्ही एकटे," डेन्झिल म्हणाला, आणि पुढच्या फोटोसाठी उठला. उठताना त्यानं गॉगल परत लावला.

दुसऱ्या दिवशी शरणप्पा संगमेशच्या ऑफिसात जाऊन दोन तिकिटांचे पैसे परत मागून आला. संगमेशनं त्याला चहा पाजला. "काका, बाराशे माणसं आली, त्यातली एक तक्रार तुमची. बाकी सगळे इच्यारत्यात, पुढचा कोणता बँड आणतोय. लोकं कान घिऊन येत न्हाईत ओ, फोन घिऊन येत्यात. तुमी उगं कानाचे पैसे मागाय लागलाय."

पैसे मिळाले नाहीत, पण दुसरंच काही मिळालं. कुणीतरी त्या पाच मिनिटांचं चित्रण टाकलं होतं, आणि दोन दिवसांत ते शहरातल्या सगळ्या फोनवर फिरलं. 'भवानी पेठेतल्या वायरमननं बँडची पोल खोलली.' शरणप्पाला वायरमन म्हटल्याचा राग आला, बाकी सगळं आवडलं. दुकानात माणसं नुसती गोष्ट ऐकायला येऊ लागली. तो कॉइल गुंडाळत गुंडाळत सांगे, आणि दर खेपेला दातांच्या डॉक्टरचा आवाज जरा जास्त बारीक काढे. ज्या लोकांना तो चाळीस वर्षं बहिरे म्हणत आला, त्यांनीच आता वा वा केल्यावर त्याला ते एकदम कानसेन वाटायला लागले.

"लई फुगू नका," महेश्वरी म्हणाली. "त्या बाईचं काय झालं, इच्यारलं का?"

त्यानं विचारलं नव्हतं. विचारायची वेळही आली नाही. अकराव्या दिवशी दुकानातला फोन वाजला. चित्रणात कुणीतरी दुकानाचं नाव लिहिलं होतं, त्यावरून तिनं नंबर शोधला होता.

"शिवानी बोलते. की-बोर्डवाली."

"हां, बोल की! काय वाजीवलंस तू! मी सगळ्यांना सांगतोय—"

"मला काढलं त्यांनी. त्याच रात्री. चारी कार्यक्रम गेले."

शरणप्पानं हातातली कॉइल खाली ठेवली. मग म्हणाला, "बरं झालं म्हण. असल्या चोरांत—"

"काका, तुमाला कुणी सांगितलं होतं?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणून तो जास्त लागला. "मी नको म्हटलं होतं. कानानं ऐकलं तुमी, माझ्या डोळ्यांत बघून ऐकलं, आणि केबल लावली. मला काय ठाऊक नव्हतं का ती कुठं जोडलेली नाही म्हणून? ती गुंडाळून रोज मीच ठेवत होते. शाळेतनं तीन महिने पगार नाही. त्या चार कार्यक्रमांवर माझं सगळं चाललं होतं. तुमी खरं संगीत ऐकून घरी जाऊन झोपलात."

"मी देतो तुझे पैसे," तो म्हणाला.

"ठेवा तुमच्याकडंच," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

शरणप्पानं कधी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, त्यामुळे ऐकून घेतल्यावर काय करायचं असतं तेही त्याला येत नव्हतं. त्यानं त्या दिवशी एक कॉइल तीनदा गुंडाळली आणि तिन्ही वेळा चुकवली. संध्याकाळी एक टोळकं गोष्ट ऐकायला आलं. त्यांच्यातला एक आधीच हसत होता.

"काका, ते डॉक्टरचं सांगा की!"

"काय सांगायचं न्हाय," शरणप्पा म्हणाला. "एका बाईच्या पोटावर पाय दिला मी. ते सांगू का?"

ती माणसं निघून गेली. दोन-तीन दिवसांत सगळेच यायचे बंद झाले. नवीन गोष्ट मिळाली होती त्यांना कुठली तरी.

पूनम फोनवर म्हणाली, "अप्पा, आठ हजार गेले तर गेले. पहिल्या गाण्याला तुम्ही माझा हात धरला होता, तेवढ्यात माझे वसूल झाले." यावर शरणप्पाला तोंडावर फेकून मारण्याजोगं एक वाक्य सुचलं होतं. ते त्यानं गिळलं. त्यासाठी त्याला पाण्याचा मोठा घोट घ्यावा लागला, असं महेश्वरी सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत शिवानी अक्कलकोटला निघाली होती. बस बदलायला सोलापुरात उतरली आणि पाठीवर की-बोर्ड घेऊन दुकानात येऊन उभी राहिली. चेहरा हसरा नव्हता.

"तीन पट्ट्या वाजत नाहीत. पुण्यात नवीन घ्या म्हणत्यात."

शरणप्पानं की-बोर्ड काउंटरवर घेतला, स्क्रू काढले. आतला रबर झिजला होता आणि पट्टीवर धूळ बसली होती. त्यानं स्पिरिटनं सगळं पुसलं, रबराचे तीन तुकडे कापून बसवले. तास गेला. तेवढ्या वेळात तो एक शब्द बोलला नाही. स्टुलावर बसून ती त्याचे हात बघत होती.

"किती झाले?"

"काय न्हाय. ऱ्हाऊ दे."

"फुकट नको मला," ती तुटकपणे म्हणाली. "तुमच्या कामाचे असतील तेवढे सांगा."

शरणप्पानं चष्मा काढला. ओशाळं होऊन कमी सांगावं असं एकदा त्याच्या मनात आलं, पण कामाची किंमत पाडून सांगणं त्याला येत नव्हतं.

"साडेचारशे."

तिनं पाचशेची नोट दिली, पन्नास परत घेतले. मग की-बोर्ड तिथंच काउंटरवर सुरू करून त्या तीन पट्ट्या एकेक करून दाबल्या. मधली जरा जड होती.

"ही अडकतीय," ती म्हणाली.

"दे हिकडं," शरणप्पा म्हणाला, आणि पुन्हा स्क्रू काढायला बसला.